गनिमी काव्यातला घोडा कुठे गेला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवारच्या पुरवणीत शब्दांच्या गमतीजमतींचा एक छोटा चौकोन होता, त्यात छापलंय की इंग्रजीतला 'गुरिल्ला' म्हणजे आपल्या 'गनिमी'चाच अपभ्रंश, साहेबाने तो आपल्याकडून उचलला. आणि त्याच अंकात पहिल्या पानावर कुठल्याशा नेत्याने मध्यरात्री हॉटेलच्या मागच्या दाराने चार आमदार गाडीत घालून नेले त्या बातमीला हेडिंग होतं 'गनिमी काव्याने सत्तांतर'. पहिलं वाचून हसू आलं, दुसरं वाचून मात्र वैताग आला, कारण त्यात गनीमही नव्हता आणि कावाही नव्हता, होता फक्त एसी कोच.

आधी गुरिल्लाचं मिटवून टाकते. तो शब्द स्पॅनिश आहे. 'गेर्रा' म्हणजे युद्ध, आणि त्याचं लहान रूप म्हणजे 'गेर्रिया', आपण जसं लोटा-लोटी करतो ना तसं, म्हणजे छोटी लढाई. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या तेव्हा तिथल्या लोकांनी डोंगरादऱ्यांतून जी झुंज दिली, १८०८ ते १८१४, त्या काळात हा शब्द इंग्रजीत शिरला. त्याचा गनिमाशी काही संबंध नाही, फक्त पहिलं अक्षर 'ग' आहे एवढंच. आणि त्याचा गोरिला माकडाशीही संबंध नाही! हे मुद्दाम लिहिते कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज दर शिवजयंतीला येतो की गोरिला झाडीत लपून हल्ला करतो म्हणून गोरिला वॉर. अहो त्या प्राण्याला शास्त्रज्ञांनी ते नाव दिलं १८४७ साली, तोपर्यंत नेपोलियन मरून पंचवीसेक वर्षं झाली होती.

आता कावा. मला लहानपणापासून वाटायचं की हा शब्द कावळ्यावरून आला असणार, कावळा धूर्त, म्हणून कावेबाज. कधी कुणाला विचारलंही नाही, असे कितीतरी शब्द आपण न विचारता वापरत असतो. मग मागच्या मे महिन्यात माझ्या भाचीला हॉर्स रायडिंगच्या समर कॅम्पला सोडायला जायचे तेव्हा काय झालं ते सांगते. तिथे एक वयस्कर ट्रेनर होते, उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. मैदानाच्या मधोमध उभे, हातात लांबलचक दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक तांबूस घोडी, आणि ती त्यांच्याभोवती गोल गोल दुडक्या चालीने पळतेय. पाठीवर कुणी नाही. चाबूक होता पण मारत नव्हते, नुसता घोडीच्या मागे जमिनीलगत फिरवायचे. दहाबारा फेऱ्या डावीकडून झाल्या की थांबवायचे, वळवायचे, मग उजवीकडून. मग दोरी हळूहळू आखडती घ्यायचे, वर्तुळ लहान लहान होत जायचं आणि घोडी आतल्या बाजूला इतकी कलायची की मला वाटायचं आता पडते. मी विचारलं हे काय चाललंय, तर म्हणाले, "कावा दे रहे हैं, मॅडम."

मी म्हटलं कावा?

तर हो, कावा. घरी येऊन कोश उघडले. फारसीतून आलेला शब्द आहे, घोड्याला गोल रिंगणात फिरवणं म्हणजे कावा. हिंदी कोशात 'कावा देना' म्हणजे घोड्याला चक्कर द्यायला लावणं, आणि 'कावा काटना' याचे दोन अर्थ दिलेत, एक म्हणजे गोल गोल धावणं आणि दुसरा म्हणजे नजर चुकवून दुसऱ्या बाजूने निघून जाणं. जुन्या मराठी कोशांतही घोड्याचा अर्थ आहेच, फक्त आपण तो विसरलो आणि लबाडीचा तेवढा लक्षात ठेवला. त्याला मग 'बाज' जोडून कावेबाज केलं, जसं दगाबाज, आणि घोडा गेला तबेल्यात. गंमत म्हणजे त्याच तबेल्यातला दुसरा एक शब्द तुमच्या पेपरात रोज असतो, 'सत्तेची बागडोर'. बागडोर म्हणजे घोड्याच्या लगामाला बांधायची दोरीच की! म्हणजे त्या ट्रेनरच्या हातातली दोरी आज मंत्रालयात आहे आणि त्यांच्या घोडीची चाल विधानसभेत.

हे कळल्यावर मला ती लढाईची पद्धत पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसली असं म्हणेन. शाळेत आम्हाला शिकवलेलं की गनिमी कावा म्हणजे शत्रू बेसावध असताना छापा घालून पळून जाणे, दोन मार्कांचं उत्तर. पण पळून जाणं ही अर्धीच गोष्ट आहे. समोर मोगलांची अवजड फौज, तोफा, हत्ती, बाजारबुणगे, आणि इकडे भीमथडीची तट्टं, दिसायला लहान पण दमदार आणि चपळ, स्वाराच्या हातात भाला. अंगावर जायचं, थोडं भिडायचं, मग पाठ दाखवायची. समोरच्याला वाटतं पळाले, तो पाठलागाला सुटतो, त्याची रांग फुटते, पुढचे पुढे आणि मागचे मागे राहतात. आणि नेमकं तेव्हा पळणारे गर्रकन वळतात. हे 'गर्रकन वळणं' म्हणजे कावा. भरधाव घोडं जागच्या जागी डावीउजवीकडे वळवता येणं ही काही युक्ती नाही, ते कसब आहे, त्यासाठी चाबूकस्वाराने (म्हणजे घोडी शिकवणारा माणूस, हाही शब्द आपण घालवला) महिनोन् महिने रिंगणात घाम गाळलेला असतो. वळायला घोडं शिकलेलं नसेल तर तुमचा कावा म्हणजे नुसतं पळणंच.

आणि गनीम कोण? इथे खरी मजा आहे. अरबीतून फारसीतून आलेला शब्द, गनीम म्हणजे शत्रू, लुटारू. 'गनीमत' म्हणजे मूळ लुटीचा माल, म्हणून हिंदीवाले 'गनीमत समझो' म्हणतात, मिळालं तेवढं फुकटात मिळालं समज. तर मोगलांच्या फारसी कागदांत मराठ्यांना गनीम म्हणायचे. म्हणजे गनिमी कावा म्हणजे 'त्या शत्रूंची ती गोल फिरायची चाल', असं समोरच्याने वैतागून दिलेलं नाव, आणि ते आपण बिनदिक्कत आपलं म्हणून मिरवतो. मला यात काहीच गैर वाटत नाही उलट आवडतं, शिवीचा दागिना करायला पण दम लागतो. तसे मराठी कागदांत मराठेही मोगलांना गनीमच म्हणायचे, ज्याच्या समोर जो उभा तो त्याचा गनीम. आता काही लोक म्हणतात हा परका शब्द काढा, 'वृकयुद्ध' म्हणा, वृक म्हणजे लांडगा. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला हे मलाही माहितीये, पण मग शिलेदार पण काढा, फौज काढा, सरदार काढा, पेशवा तर काढाच, आणि मग उरलेल्यांना घेऊन लढायला जा. कौटिल्याचा 'कूटयुद्ध' हा शब्द आहे, चांगला आहे, उघड्या लढाईला 'प्रकाशयुद्ध' आणि फसव्या लढाईला कूटयुद्ध, पण त्यात घोड्याच्या टापा ऐकू येत नाहीत हो.

शब्दाच्या बाबतीत मी थोडी हट्टी आहे हे कबूल, पण इतकीही नाही की जुना अर्थ सोडून दुसरा चालणारच नाही म्हणेन. उंबरखिंडीत १६६१ साली महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला जंगलात कोंडलं तो प्रसंग सगळे गनिमी कावा म्हणूनच सांगतात, तिथे दाट रानात घोडं गोल फिरवायला जागा कुठली? ती दबा धरून केलेली कोंडी होती. शब्द वाढतात, वाढू देत. पण वाढता वाढता सगळंच त्यात कोंबलं की मग बाकीच्या शब्दांना काम उरत नाही, आणि आपल्याकडे फसव्या हालचालींसाठी इतके बारीक बारीक वेगळे शब्द आहेत की ते असे गंजत पडलेले बघवत नाहीत. हूल आहे, हुलकावणी आहे, चकवा, झुकांडी, गुंगारा, बगल. आणि प्रत्येकाचं अंग वेगळं चालतं.

हूल बघा. हूल म्हणजे न केलेली हालचाल. मी शाळेत असताना खो-खो खेळायचे, तेव्हाचं सांगते. पाठलाग करणारी तुमच्या मागे सुटलीये, तिला नियमाने मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही, खांबापर्यंत जावंच लागतं. तुम्ही पळणाऱ्या, तुम्हाला सगळं माफ, दोन बसलेल्यांच्या मधून कुठूनही पलीकडे जा. आता दोघींच्या मधल्या फटीशी आल्यावर मी डावा खांदा आत टाकायचे, मान पण तिकडे, आता पलीकडे घुसणार असं. मागची घाईने पलीकडे तोंड करून बसलेल्या मुलीला 'खो' द्यायची. ती उठली पलीकडच्या बाजूला आणि मी? मी अलीकडेच! मी गेलेच नाही. आता ती उठलेली पाटी ओलांडू शकत नाही, बिचारी दात ओठ खात खांबाकडे धावते किंवा परत खो देते, आणि तेवढ्यात माझे तीन सेकंद वाचले. आमच्या बाई ओरडायच्या, "अगं पाय नको टाकू, नुसता खांदा टाक, पाय टाकलास की ती हूल राहत नाही!" खांदा जातो आणि पाय राहतो, ही हूल. कबड्डीतही तेच, चढाईवाला डाव्या कोपऱ्याकडे झेप घेतल्यासारखं करतो आणि हात उजव्याला लावतो.

आणि हूल या शब्दाचा दुसरा अर्थ आहे अफवा, खोटी आवई, 'गावात हूल उठली'. मला हे फार सुंदर वाटतं, अंगाने केलेली ती पण हूल आणि तोंडाने पसरवलेली ती पण हूल, कारण दोन्हीत समोरचा हलतो आणि आपण हललेलो नसतो. (संथाळांचा १८५५ चा 'हूल' म्हणजे उठाव, तो त्यांच्या भाषेतला वेगळा शब्द, दोन्ही एकत्र करू नयेत.)

हुलकावणी जरा वेगळी. ती बहुतेक निसटणाऱ्याची असते. चेंडू बॅटला हुलकावणी देतो, पाऊस मराठवाड्याला हुलकावणी देतो, प्रमोशन मला सहा वर्षं देत होतं. हाताशी आलं आलं म्हणेपर्यंत गेलं. चकवा तर माणसाने द्यायचा आणि कोकणात भुताने लावायचा, रात्री पायवाटेने निघालेला माणूस तास दोन तास चालून परत त्याच आंब्याखाली येतो, म्हणजे तिथेही वर्तुळच, फक्त फिरणाऱ्यालाच ते माहीत नसतं. काव्यात फिरणाऱ्याला पक्कं माहीत असतं आणि समोरच्याला नसतं. बगल दिली म्हणजे बाजूने निघून गेलो, फार काही डोकं लागत नाही त्याला, म्हणूनच प्रश्नांना बगल देतात.

आता हूल आणि कावा दोन्ही एका ठिकाणी बघायचे असतील तर बाजीरावाची पालखेडची मोहीम बघा, १७२७-२८. ही मी नकाशा जमिनीवर पसरून, पेन्सिल घेऊन काढून बघितली आहे, भाचीही बसली होती सोबत. निजामाने शाहू महाराजांविरुद्ध कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरलं, आणि त्याच्याकडे तोफखाना तगडा. बाजीराव जालन्याकडे लूट करत गेला आणि मग आवई उठवली की आता बुऱ्हाणपूर जाळणार. निजाम बुऱ्हाणपूर वाचवायला धावला. ही हूल, दोन्ही अर्थांनी, तोंडाची पण आणि अंगाची पण, कारण बाजीराव त्या दिशेला निघाल्याचं दाखवून खानदेशातून वळला आणि गेला थेट गुजरातेत. निजामाला कळलं तेव्हा तो चिडून पुण्यावर गेला, पुणं घेतलं. कुणीही घाबरून पुणं वाचवायला परतला असता. बाजीराव पुण्याकडे आलाच नाही, तो निघाला निजामाच्या औरंगाबादकडे, म्हणजे मोठ्ठं वर्तुळ पुरं करत. आता निजामाला पुणं सोडून धावावं लागलं, आणि पटकन पोचायचं म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या, ज्या तोफांच्या जोरावर तो होता त्याच! फेब्रुवारी १७२८ च्या शेवटी पालखेडजवळ, वैजापूरच्या बाजूला, तो कोंडला गेला, दाणा नाही, पाणी नाही. मार्चच्या ६ तारखेला मुंगी-शेवगावचा तह. नकाशावर पेन्सिलीची रेघ बघितली की समजतं, ट्रेनरच्या दोरीवरचं रिंगण तेच, फक्त पूर्व-पश्चिम कित्येक मैल पसरलेलं, दोरी हळूहळू आखडती घेत घेत पालखेडला मध्यभागी निजाम उरला.

आणि याच्या बरोब्बर उलटं पानिपत. तिथेही वर्तुळच होतं हो. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट सांगत होते की बायकामुलं, जड सामान मागे ठेवा आणि हलक्या घोड्यांवर जुन्या पद्धतीने लढा. भाऊसाहेबांचा भर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पलटणींवर, आणि १४ जानेवारी १७६१ ला ठरलं काय तर 'गोल' करून निघायचं, म्हणजे मध्ये बुणगे आणि भोवती फौज. एक वर्तुळ शत्रूभोवती फिरतं आणि दुसरं आपल्याच ओझ्याभोवती, दोन्ही गोलच, मी यावर जास्त बोलत नाही, पानिपतावर बोलायला लागलं की आमच्या घरात जेवणं थंड होतात. भाऊंची बाजू घेणारे पण आहेत घरात.

अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्याचं नाव घेतल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही म्हणून एवढंच, की दख्खनच्या हलक्या घोड्यांनी मोगलांना असं दमवण्याची रीत त्याने आधीच मुरवली होती, 'बर्गीगिरी' म्हणायचे तिला, तो गेला १६२६ साली म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी. पुरवणीतल्या चौकोनात हेही यायला हरकत नव्हती.

आणि कात्रज. 'कात्रजचा घाट दाखवला' हे आपण कुणाला फसवलं की म्हणतो. गोष्ट अशी सांगतात की १६६३ साली लाल महालात शायिस्ताखानाची बोटं तोडून महाराज निसटले आणि कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून हाकलले, मोगल त्या उजेडामागे गेले, महाराज सिंहगडाकडे. लाल महाल इतिहास आहे, पलित्यांचा भाग लोकांच्या तोंडचा. पण हीच युक्ती कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इटलीत रोमन सैन्यावर इ.स.पू. २१७ मध्ये केली होती, रात्री बैलांच्या शिंगांना पेटत्या काटक्या बांधून डोंगरावर सोडले, रोमन पहारेकरी तिकडे धावले, हा खिंडीतून पसार, हे त्यांच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. बैलांना विचारलं तर दोन्ही ठिकाणी त्यांचं मत सारखंच असेल. तर ही झाली हूल, कावा नव्हे, बैल काही वळून परत हल्ला करायला आले नाहीत.

तेव्हा संपादक साहेब, माझी मागणी अगदी छोटी आहे. गुरिल्लाची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच चौकोनात छापा, त्याच टायपात, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. आणि हेडिंगवाल्यांना एवढं सांगा की आमदार हॉटेलातून हलवले तर तो गुंगारा, प्रश्न टाळला तर बगल, येणार येणार म्हणून मंत्रिपद आलं नाही तर हुलकावणी, युती तोडणार अशी आवई उठवून जागा वाढवून घेतल्या तर ती अस्सल हूल. आणि ज्या दिवशी कुणी खरोखर पाठ दाखवून, समोरच्याला दमवून, त्याच्या तोफा त्यालाच मागे ठेवायला लावून, गर्रकन वळून येईल त्या दिवशी पहिल्या पानावर खुशाल आठ कॉलम 'गनिमी कावा' टाका, मी अंक विकत घेऊन जपून ठेवीन.

आपली,
एक जुनी वर्गणीदार

ता.क. – हे पत्र मोठ्याने वाचत होते तर भाची म्हणाली, आत्या, 'गनिमी काव्याने' म्हणजे कविता करून हरवलं का? तिची चूक नाही, कावा आणि काव्य दोघांचंही पुढे 'काव्याने'च होतं. एका पोस्टरवर तर मी 'गनिमी काव्य' असंच छापलेलं बघितलंय, खाली ढाल-तलवार. मी तिला म्हटलं, नाही गं, ती तुझी तांबूस घोडी आठव. तर म्हणाली, ती? ती तर मला दोनदा पाडून पळाली आणि परत वळून आलीच नाही.